आईवरचा अविश्वास ठराव, माझ्या अक्षरात

माझ्या आईविरुद्ध ग्रामपंचायतीत जो अविश्वास ठराव आला, त्याची नोटीस मी लिहून दिली होती. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा सांभाळूनच बघायला लागतो. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

साल २००४ असेल. मी तेव्हा हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होतो. आमचं गाव तोंडवलीच्या अलीकडचं, किनाऱ्यावरचं. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण संडासांचा विषय निघाला की गाव अजून चिडतं. त्या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि आई सरपंच झाली. त्याआधी वीस वर्षं तिने मासे विकले होते. होडी लागली की बाकीच्या बायका भाव ठरवायच्या, आई आधी कल्ले उचलून बघायची. माशाचे कल्ले लाल आहेत की नाहीत हे तिच्या डोळ्यांना पटल्याशिवाय ती टोपलीला हात लावायची नाही. विकणारा सख्खा भाऊ असला तरी नाही.

हाच खाक्या तिने ग्रामपंचायतीत चालवला. शाळेच्या कुंपणाचे चिरे एकेक करून मोजले. पाण्याची टाकी धुतली असं शिपायाने सांगितलं, तर पदर खोचून शिडीवरून वर चढली आणि आत डोकावून बघितली. बाकीच्या सदस्यांना हे झोंबायचं. माणसाने एवढं तोंडाने सांगितल्यावर ते खरं मानायचं असतं, निदान त्याच्या समोर तरी, अशी आपल्याकडची रीत आहे. आईला ती कुणी शिकवली नव्हती, आणि मला तर लहानपणी ताप आलाय म्हटलं तरी ती आधी जीभ बाहेर काढायला लावायची.

आईबरोबर निवडून आलेली आणखी एक सदस्य म्हणजे आमच्या शेजारची काकी. नात्याने कुणी नव्हे, पण वीस वर्षं दोघी बाजारात एकाच गोणपाटावर शेजारी शेजारी बसल्या. साक्षरतेच्या वर्गात दोघी एकाच पाटीवर सही करायला शिकल्या. आई ताजे मासे विकायची, काकी सुके. काकीचे सुके बांगडे आणि सुकट कसालच्या बाजारापर्यंत जायची, आणि पावसाळ्यात घरात ताजं काही नसताना निम्मा गाव तिच्या सुकटीवर जेवायचा.

तर त्या साली ग्रामस्वच्छतेची स्पर्धा लागली. घरोघरी संडास पाहिजे आणि तो वापरात पाहिजे, अशी अट होती. संडास सरकारी मदतीतून आधीच बांधून झाले होते. वापराचं काय, असं आईने उपसरपंचांना विचारलं. उपसरपंच म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, माझे काका. काकांनी गळ्याला हात लावून सांगितलं, "वैनी, एकूण एक वापरतत. माजो शब्द." अहवाल पाठवायचा शेवटचा दिवस होता, ग्रामसेवक पेन पुढे करून उभा होता. आईने सही केली. आयुष्यात त्या एकाच वेळी तिने न बघता माल घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिला चैन पडेना. दुपारी ती उठली आणि काका, ग्रामसेवक आणि महिला मंडळाच्या दोन बायका घेऊन घरोघरचे संडास उघडून बघायला निघाली. मी सुट्टीवर होतो, मलाही वही धरायला नेलं.

पहिला दरवाजा काकांचाच उघडला. आत भांड्यावर फळी टाकून तिच्यावर गणपतीचं मखर ठेवलेलं होतं, थर्माकोलचे खांब, सोनेरी कागद, झालरी, सगळं नीट जुन्या लुगड्यात गुंडाळून. आई नुसती काकांकडे बघत राहिली. काका म्हणाले, "आमी वापरूक नाय म्हणान तर थंय ठेवलंव. वापरलेल्या जाग्यात मखर ठेवतलंव काय?" या युक्तिवादात खोट काढणं अवघड होतं. पुढच्या घरी कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि घरातली म्हातारी हात जोडून म्हणाली, "वायच धा दिस थांबा, पिल्लां भायर येवंदेत." तिसऱ्या घरी जाळी, चौथ्या घरी नारळ. मी वहीत काय लिहावं ते मला कळेना, म्हणून मी नुसत्या रेघा मारत गेलो.

मग काकीचं घर आलं. काकी दारातच उभी होती. संडासाला चांगलं पितळी कुलूप.

"माजो बरो आसा," काकी म्हणाली. "मी सांगतंय मा तुका."

"सांगतंस ता खरा," आई म्हणाली, "पन बगूक होया."

काकीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि कमरेची किल्ली काढून दिली. आईने दार उघडलं. आत भिंतीला फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर सुक्या बांगड्यांच्या चळती, डब्यांत सुकट, वरून दोरीला सुकवलेला मोरी मासा टांगलेला. इतका स्वच्छ संडास मी जन्मात पाहिला नव्हता. आणि जरा विचार केला तर त्यात वावगं काय होतं? पक्क्या भिंती, घट्ट दार, मांजर नाही, उंदीर नाही, ओल नाही. बांधल्यापासून त्या भांड्यात पाण्याचा थेंब पडला नव्हता. सुकी मासळी ठेवायला गावात त्याहून चांगली खोली नव्हती.

पण आई सगळ्यांसमोर केवढ्याने तरी ओरडली, "अगो बाय माजे! संडासात सुकट?"

संडास आणि सुकट ही दोन नामं एका वाक्यात आली की क्रियापदाची गरज उरत नाही, हे मी मराठीचा शिक्षक म्हणून सांगू शकतो. महिला मंडळाच्या दोन बायका सोबत होत्या, त्यामुळे वाक्य गावभर फिरायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. पुढच्या बाजाराला ते कसालपर्यंत पोचलं. काकीची नेहमीची गिऱ्हाइकं यायची, सुकट बोटांनी चाळवायची, "खंय ठेवतंस गो ही?" असं विचारायची आणि उत्तर न ऐकताच पुढे जायची.

काकी त्या बाजारावरून थेट आमच्या घरी आली. टोपली तशीच भरलेली. पायरीवरच बसली आणि आईला म्हणाली, "तू सांग लोकांका. ह्यो संडास कदीच वापरूक नाय म्हणान सांग. तू सरपंच. तुजा ऐकतीत."

आईची पंचाईत अशी की वर गेलेल्या अहवालावर तिची सही होती: सर्व शौचालये वापरात. काकीचा संडास कोरा आहे असं जाहीर केलं की अहवाल खोटा ठरतो आणि गाव स्पर्धेतून बाहेर पडतं. आईने सगळ्यांना पंधरा दिवसांत संडास मोकळे करायला सांगितलं होतं आणि तपासणी येण्याआधी खोट्याचं खरं करून टाकायचा तिचा विचार होता. ती म्हणाली, "वायच थांब. तपासणी होवंदे, मगे मी सोता बाजारात येवन सांगतंय."

"कदी होतली तपासणी?"

"होतली आता, धा-पंधरा दिसांत."

काकीने चहा घेतला नाही. टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. तपासणी त्या महिन्यात आली नाही, पुढच्याही नाही. आज येणार, उद्या येणार करत आठ महिने गेले. संडास रिकामे झाले, वापरायलाही लागले, पण काकीची सुकट काही उठेना. आई रोज कचेरीत जाताना काकीच्या अंगणावरून जायची आणि काकी आईची चाहूल लागली की केरसुणी अशी जोरात मारायची की सगळी धूळ आईच्या अंगावर. एक शब्द नाही. आई माझ्या बायकोला काकीकडे सुकट आणायला पाठवायची, दर आठवड्याला, पिशवी भरून. सुकटीची आमटी, सुकटीची किसमूर, सुकट घालून वांगी. आठव्या महिन्यात मी आईला म्हटलं की माझ्या घामाला सुकटीचा वास येतोय. ती म्हणाली, "जेव गप."

मला आईचा तेव्हा फार राग यायचा. स्पर्धेच्या एका ढालीसाठी आणि साहेबांच्या हातच्या नारळासाठी ही बाई मैत्रिणीचं घर बुडवते आहे, असं मला वाटायचं. मी ते बोललो नाही, ते माझं चुकलंच.

आणि मग एका रविवारी सकाळी काका तीन सदस्यांना घेऊन आमच्याच ओसरीवर आले. मला वाटलं आईला भेटायला आलेत. काकांनी खिशातून कोरा कागद काढला आणि मला म्हणाले, "एक नोटीस लिवन दी. तुज्या आवशीवर अविश्वास ठराव आणतंव."

मी म्हटलं, "काका, तुम्ही माझ्याकडेच आलात?"

"मगे कोणाकडे जावचा? शुद्ध लिवणारो तू एकटोच आसस. तहसीलदाराक पाठवूची आसा. गावाची लाज जावक नये."

आई आतून पदराला हात पुसत आली. मला वाटलं आता भांडण होणार. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "लिव. तारीख आदी घाल, नायतर परत धाडतीत." मग माझ्या बायकोला चहा टाकायला सांगितलं.

चहा येईपर्यंत शब्दावरच खल सुरू झाला. काका म्हणाले, "'आमचो भरवसो नाय' असा लिव." मी म्हटलं, कायद्यात अविश्वास लिहिलंय, तेच लिहावं लागेल. त्यावर एक सदस्य चपापला. "अविश्वास लिवलास तर तिना चोरी केल्यान असा वाटात. चोरी खंय केल्यान तिना?" मी म्हटलं, मग संशय? "संशय घोवाक येता बायलेचो," दुसरा म्हणाला आणि स्वतःच लाजला. मी वहीम सुचवला. तो शब्द फक्त पोलीस विचारतात असं सर्वांचं मत पडलं. मला हे सगळं आवडायला लागलं होतं. कथा-कादंबऱ्यांत नवरा-बायकोच्या मध्ये शिरतो तो संशय, पंचनाम्यात बसतो तो वहीम, आणि अविश्वास वर्तमानपत्रात ठरावाचं बोट धरून येतो. एकटा रस्त्याने चाललेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी हे त्यांना समजावून सांगू लागलो, तेव्हा आईच म्हणाली, "तुजा पुराण पुरे. अविश्वासच लिव."

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

इथे सगळ्यांनी चहाचे कप उचलले. खरं कारण म्हणजे आईने संडासांची दारं उघडली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दारं उघडली असं लिहिलं की आत काय होतं हेही आलंच. काका बराच वेळ आढ्याकडे बघत बसले. शेवटी 'मनमानी कारभार करणे' आणि 'सदस्यांना विश्वासात न घेणे' अशी दोन कारणं ठरली. आईने दोन्ही पुन्हा वाचून घेतली. "मनमानी ता बरोबर आसा," ती म्हणाली. "ऱ्हवंदे."

ते गेल्यावर मी चिडून विचारलं, तुला काहीच कसं वाटत नाही? तिने बोटं मोजली. एकूण सदस्य सात, त्यांत ती स्वतः धरून. राखीव जागेवरच्या बाई सरपंचाला काढायचं तर तीन चतुर्थांश हात लागतात, म्हणजे सातांतले सहा. "ती सही करूची नाय," आई म्हणाली. ती म्हणजे काकी. नाव घ्यायची गरज नव्हती.

चार-पाच दिवसांनी तहसील कचेरीतून सभेची तारीख आली, सोबत नोटिशीची प्रत. माझ्या वळणदार अक्षराखाली सहा सह्या होत्या. सहावी सही थोडी डावीकडे कललेली, शेवटचं अक्षर मोठं. आईने तिच्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून बसली. मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळीवर मासे चिरत होती. मान वर न करता तिने विचारलं, "अविश्वास म्हणजे नेमका काय रे?"

पहिल्यांदाच माझ्या आईने मला एका शब्दाचा अर्थ विचारला होता. मी सांगितलं, विश्वास शब्दाच्या पोटात श्वास आहे. ज्याच्याजवळ बसून मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास. तो घेता येत नाही तेव्हा अविश्वास.

तिचे हात थांबले. "म्हणजे माज्या बाजूक बसान तिका श्वास घेवक जमणा नाय?"

हा अर्थ मी वर्गात कितीतरी वेळा सांगितला असेन, मुलांनी तो वहीत उतरवूनही घेतला असेल. तो कुणाला लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी उगाच व्युत्पत्ती सांगितली, नुसतं 'भरवसा नसणं' म्हटलं असतं तर चाललं असतं.

सभेच्या दिवशी आधी सगळे देवळात गेले. काकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, आज जी सभा भरतली ती सुरळीत पार पाड रे म्हाराजा. ज्येच्या मनात जा काय आसा ता पुरा कर रे म्हाराजा." प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आपल्याला खुर्चीवरून खाली ओढण्याचं काम सुरळीत पार पडो, याला ती खणखणीत होकार देत होती.

तहसीलदार तरुण होते आणि घाटावरचे. ग्रामसेवकही नवा, तिकडचाच. दोघांनाही आमची मालवणी अर्धीच कळायची, म्हणून प्रोसिडिंग बुक लिहायला मदतीला मला बसवलं. सरपंचांचा मुलगा म्हणून कुणी हरकत घेईल असं मला वाटलं, पण काका म्हणाले, अक्षर बरं आहे, बसू दे.

तहसीलदारांनी ठराव वाचला आणि बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत असं सांगितलं. पाच हात वर गेले. काकीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"विरोधात?" आईचा एक हात. काकीचे हात तिथेच.

तहसीलदार म्हणाले, "बाई, नोटिशीवर तर तुमची सही आहे. तुम्ही कुणाच्या बाजूने?"

काकी उभी राहिली. आठ महिन्यांत तिने आईच्या दिशेने पहिल्यांदाच पाहिलं, तेही बोटाने दाखवायला. "साहेब, माजो हिच्यार भरवसो आसा. वीस वरसां मी हिच्या बाजूक बसलंय. ही चोरी करूची नाय, खोटा बोलूची नाय. पन माका हिचो राग इलो हा. लय राग. सही मी रागान केलंय. भरवसो येगळो, राग येगळो. तुमच्या कागदार रागाचो रकानो खंय आसा ता सांगा, थंय माजो हात."

तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रमाण मराठीत सांगितलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि रागाचा रकाना नाही, असं अगदी गंभीरपणे सांगितलं.

"मगे माजो हात नाय," काकी म्हणाली आणि बसली.

ठराव पडला. काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मला एवढा आनंद झाला की पेनाची शाई बुकावर सांडली. मी आईकडे बघून हसलो, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उभी राहिली.

"साहेब, ही म्हणता मी खोटा बोलूची नाय. मी खोटा लिवन दिलंय."

"वैनी!" काका ओरडले.

"लिव रे," आई मला म्हणाली. "हिचो संडास बांदल्यापासून त्या दिसापर्यंत येक दीस वापरूक नाय. सुकट सुकी, कोरी, स्वच्छ. मी माज्या डोळ्यान बगलंय. आठ म्हयने माज्या घरात तीच खातत, कोणाक काय झाला नाय. ह्यां मी तेवाच सांगूक होया होता. अहवालार माजी सही न बगता केलेली आसा. सगळे संडास तेवा वापरात नव्हते. ताय लिव."

काका माझ्या कानाशी वाकले. "मखराचा लिवू नको हां."

तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं. "बाई, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? तुमचं गाव स्पर्धेतून बाद होणार. तुमच्यावर कारवाई होऊ शकते. ठराव आत्ताच पडलाय, कशाला हे?"

"कळता," आई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. तिला मी रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, वडील होडीसकट दोन दिवस बेपत्ता झाले होते तेव्हासुद्धा नाही.

मी सगळं लिहिलं. ग्रामसेवकाने मोठ्याने वाचून दाखवलं. "सुकट सुकी, कोरी व स्वच्छ" इथपर्यंत तो आला तेव्हा काकीने त्याला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. तिने पदराने नाक पुसलं.

"राग गेलो माजो," ती म्हणाली. मग तहसीलदारांकडे वळून, अगदी हुकूम सोडल्यासारखी, "ह्यां पन लिवा."

तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नोकरीत मी पुष्कळ निबंध तपासले, पुष्कळ अर्ज लिहिले, पण माझं सगळ्यांत चांगलं वाक्य त्या प्रोसिडिंग बुकात आहे, खाली तहसीलदारांच्या सहीसकट: "सन्माननीय सदस्यांचा सरपंचांवरील राग गेला असून सभा त्याची नोंद घेत आहे."